खाऱ्या हवेतली मोटरसायकल

सौदीतल्या यान्बूत मोटरसायकल चालवायची ती थंडीतच. उन्हाळ्यात हेल्मेटमध्ये डोकं शिजतं. त्या वर्षी थंडी आली आणि नेमका माझा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, संपला. रिफायनरीत पाइपांवरचा गंज तपासायचं माझं काम चालूच होतं, पण कंपनीकडून नूतनीकरण रखडलं होतं. ऑफिसात कधीही विचारा, पुढच्या आठवड्यात. इकाम्याशिवाय शहराबाहेरच्या चेकपोस्टपुढे जायची सोय नव्हती, आणि सुट्टीवर गावी रत्नागिरीला जायचीही.

मग कॉलनीच्या आतच चकरा मारायचो. आठ गल्ल्या, मशीद, किराण्याचा बकाला, परत घर. तेवढ्यानेही समुद्रावरचं खारं दव गाडीवर बसायचं. आलो की गोड्या पाण्याने धुवायची, फडक्याने टिपायची, पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून सुकवायची, चेनला तेल, नटांवर ग्रीसचा पातळ हात. एकदा ओल्या गाडीवरच प्लॅस्टिकचं कव्हर टाकलं, तर चार दिवसांत स्पोक तांबूस झाले. तेव्हापासून सुती चादर.

बायको म्हणायची, चालवतोस कमी आणि पुसतोस जास्त. खरंच होतं. पण हात रिकामे राहिले की मी उगाच मोबाइल उघडून इकाम्याची तारीख बघत बसायचो.

जानेवारीत आमच्याच प्लांटमधल्या फिटरने, महाडकडच्या दोस्ताने, गाडी मागितली. त्याची दोस्तमंडळी वरच्या किनाऱ्यावर, उमलुजला निघाली होती आणि त्याची गाडी बिघडली होती. नाही म्हणायला कारण सापडेना, चावी दिली. दोन दिवस दाराबाहेरच्या रिकाम्या जागेकडे बघायचं टाळलं.

परत आली तेव्हा मडगार्डच्या आतपर्यंत ओली वाळू चिकटलेली. त्याने ती थेट लाटांच्या कडेने पळवली होती. तो हौसेने फोटो दाखवत होता. मी पाठ फिरवून पाण्याचा पाइप लावला. चेनच्या फटींतून पांढरं मीठ निघत राहिलं. फोटो दाखवणं थांबलं. मग बाह्या दुमडून तो खाली बसला आणि माझा जुना टूथब्रश उचलला.

"रागावलास?" त्याने विचारलं.

"तुझ्यावर नाही. गाडी जाऊन आली, मी इथंच."

 पुढचं चाक त्याने माझ्यापेक्षा नीट साफ केलं.

इकामा झाला तो मे महिन्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत निघालो. चेकपोस्टवर शिपायाने हेल्मेटची काच वर करायला लावली, चेहरा बघितला आणि "यल्ला", चल नीघ, म्हणाला. कागद मागितलाच नाही. पाच महिने मी त्या माणसाला घाबरून होतो.

वीसएक किलोमीटर गेलो, तोवर वारा भट्टीसारखा तापला. कडेला थांबून पाणी प्यालो आणि घरी फोन लावला. बाहेर पडलोय म्हणून सांगितलं.

"मग आता?" बायको म्हणाली.

"आता परत येतो. तू गावाची तिकिटं बघून ठेव."