अप्पांचा जिराफ आणि माझे लाडू

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मला अजून राग येतोय आणि मध्येच कोणी हसलं तर मी सांगायचा थांबेन. फजिती माझी आहे, निदान सुरात सांगू तरी द्या.

माझे सासरे, अप्पा, नागपूरहून कॅनडात आमच्याकडे आले होते. वय अठ्ठ्याहत्तर. नायगारा बघून म्हणाले, "पाणी भरपूर आहे." टोरांटोचा टॉवर बघून म्हणाले, "उंच आहे." इच्छा एकच. आयुष्यात एकदा जिराफाला स्वतःच्या हातानं पाला भरवायचा. आता या वयात आफ्रिका झेपणार आहे का? म्हणून मी नॉर्थ यॉर्कच्या आमच्या घरापासून दोन तासांवरच्या एका सफारी पार्कातला कॅम्प बुक केला. आफ्रिकेतले सिंह, झेब्रे, बबून माकडं, सोबत गाइड, तंबूत मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला जिराफ. त्याच्या पुढच्या दिवशी अप्पांचं परतीचं विमान. म्हणजे संधी ही एवढीच.

गाइड होती केल्सी. वय असेल बावीस. पोचल्या पोचल्या तिनं सुनावलं, "नो फूड इन द टेंट्स, प्लीज. सगळं आमच्या लॉकरमध्ये द्या. इथे रॅकून्स येतात."

मला सांगा, कुंपणापलीकडे सिंह डरकाळ्या फोडतोय आणि ही मुलगी मला रॅकूनची भीती घालते? रात्री कचऱ्याचे डबे उलटे करणारं ते मांजराएवढं जनावर, ते बघायला मी इतक्या लांब आलोय?

शिवाय माझ्याकडे होते सासूबाईंनी पाठवलेले बेसनाचे लाडू. साजूक तुपातले. ते काय लॉकरमध्ये लोकांच्या हॉटडॉगच्या शेजारी ठेवू? मी डबा गुपचूप स्लीपिंग बॅगेच्या तळाशी सरकवला.

मेधा, म्हणजे आमची बायको, म्हणाली, "अरे, नियम आहे तो."

"नियम बिस्किटांसाठी असतात," मी म्हणालो.

सकाळी आंघोळ करून आलो तर तंबूची चेन उघडी. अप्पा फिरायला गेलेले. डबा रिकामा. आणि तंबूच्या कापडावर तुपकट हातांचे ठसे! इवलेसे हात, पाच बोटं, अगदी स्वच्छ दिसत होती. माझं डोकंच फिरलं. सिंहगडावर माकडांनी माझ्या हातातली भजी पळवलेली आहेत हो. माकडाचा हात मला कळत नाही? बबून सुटला होता, दुसरं काय.

इथे एखादा शहाणा माणूस गप्प बसला असता. मी तडक केल्सीला गाठलं.

"युअर बबून हॅज एस्केप्ड."

"आर यू शुअर, सर?"

"आय ॲम फ्रॉम इंडिया," मी म्हणालो. "आय नो मंकीज."

मग काय विचारता! भोंगा वाजला. सगळ्या कॅम्पला बसमध्ये कोंबलं, दारं बंद. बाहेर माणसं जाळी घेऊन बबून मोजतायत. नऊ वाजून गेले. जिराफ हातचा जाणार म्हणून मी अख्खा वेळ केल्सीशी तावातावानं भांडतोय, तुमची कुंपणं काय कामाची, माझ्या सासऱ्यांचा काय दोष. आणि ज्यांच्यासाठी भांडतोय ते अप्पा खिडकीशी बसून माझ्याकडे कौतुकानं बघतायत. त्यांना इंग्रजी येत नाही.

पावणेदहाला निरोप आला. सगळे बबून जागेवर, दोनदा मोजले. केल्सीनं बाहेरच्या माणसांनी पाठवलेला ठशांचा फोटो बघितला आणि म्हणाली, "दिस इज अ रॅकून, सर. टेंटमध्ये फूड होतं का?"

"चुकून थोडं राहिलं असेल," मी पुटपुटलो.

पोरगी खरंच भली. म्हणाली, "ओके, होतं असं कधी कधी. लगेच निघालो तर जिराफ मिळेल." सुटलो म्हणून मी श्वास सोडला.

तेवढ्यात अप्पांनी माझ्या मुलीला, इराला विचारलं, "काय म्हणते जी ती?"

"आजोबा, रॅकूननी आपले लाडू खाल्ले."

"खाल्ले म्हणजे? मीच तर भरवले. चहासोबत एक घ्यावा म्हणून डबा काढला, तर आई न् तीन पिल्लं आली. हातातून घेऊन खाल्ले. आफ्रिकेतलं जनावर इतकं माणसाळलेलं असते, मला माहीतच नव्हतं. पण कमाल जावईबापूंची. जनावरांसाठी म्हणून घरचे लाडू लपवून आणले, न् आता तासभर त्यांचंच कौतुक करून राहिले."

एरवी तीन हाका मारल्याशिवाय तोंड न उघडणाऱ्या माझ्या लेकीनं त्याच क्षणी भाषांतर केलं. "ग्रँडपा सेज डॅड हिड द स्वीट्स ऑन पर्पज. टू फीड द ॲनिमल्स."

केल्सीचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. चूक माफ असते, पण मुद्दाम खायला घालणं हा तिथे गुन्हा. घरच्यांनी जिराफाकडे जावं, मी पार्कातून बाहेर.

तर अप्पांना त्यांचा जिराफ मिळाला. त्यांनी भरपूर पाला भरवला म्हणे. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून चार पानी फॉर्मवर सही करत होतो. त्यात 'उपद्रव कोणत्या प्राण्याचा' असा एक रकाना होता. केल्सीनं तिथे आधी रॅकून लिहिलं होतं, मग ते खोडलं होतं आणि पुढे माझं नाव लिहिलं होतं. बावीस वर्षांत या देशात पहिल्यांदा कोणीतरी त्याचं स्पेलिंग बरोबर लिहिलं.