चार नंबरच्या खोलीतले साहेब

शनिवारी दुपारी ती येणार होती, आणि चौकशीकाकूंकडे तिला सांगायला काही म्हणजे काही नव्हतं.

फोन बुधवारी आला. जूनमध्ये तळ्यात बुडून गेलेल्या त्या गृहस्थांची धाकटी बहीण बोलत होती. सामान तिला पोलिसांकडून केव्हाच मिळालं होतं. तिला खोली एकदा डोळ्यांनी बघायची होती आणि एक गोष्ट विचारायची होती. "शेवटचे चार दिवस तो तुमच्याकडे होता. तुमच्याशी काय काय बोलला, तेवढं ऐकायचंय," ती म्हणाली. काकूंनी "या ना, जरूर या," म्हणून फोन ठेवला आणि हातातल्या फडक्यासकट तिथेच खुर्चीत बसल्या.

आता ह्या काकू कोण ते सांगतो, म्हणजे यातली गंमत कळेल. गंमत कसली, अंगावर काटा येतो खरं तर.

तळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर काकूंचं पाच खोल्यांचं गेस्टहाऊस. बावीस वर्षं पहाटे उठून चादरी, टॉवेल, न्याहारी, सगळं त्याच बघायच्या. त्यांचे यजमान बागेला पाणी घालायचे आणि दारावरची पाटी पुसायचे, म्हणून त्यांना सगळे मालक म्हणायचे. काकूंना मात्र गल्लीने नाव दिलं होतं चौकशीकाकू. पाहुण्याने बॅग खाली ठेवली न ठेवली तोच ह्यांचं सुरू. कुठून आलात, एकटेच का, डोळे का सुजलेत, आई आहे का, तिचा गुडघा कसा आहे. स्टेशनवरचा टॅक्सीवाला गिऱ्हाइकांना सांगायचा, "काकूंकडे उतरणार? मग सामान थोडं आणि उत्तरं भरपूर घेऊन जा." पण ह्या चौकशीत कुटाळकी नव्हती. ऐकलेलं त्यांनी कधी दुसऱ्याच्या कानावर घातलं नाही. अकरा वर्षं मुलाशी अबोला धरलेल्या एका म्हाताऱ्या इंजिनियरने काकूंच्या स्वयंपाकघरातून मुलाला फोन लावला होता, आणि तो उचलेपर्यंत काकू शेजारी त्याची काठी धरून उभ्या होत्या. माणसं एकदा वैतागायची आणि पुढच्या वर्षी परत यायची.

मग मालकांच्या डोक्यात पुरस्कार शिरला.

त्या भागात पर्यटन मंडळ दरवर्षी पुरस्कार द्यायचं. बघण्यासारख्या ठिकाणांना वेगळे, राहण्याच्या सोयीला वेगळे. जिंकलेल्याच्या दाराशेजारी निळी पट्टी लागायची. नाववाल्याच्या धक्क्याला एक होती. रस्त्याच्या टोकाला जुन्या घड्याळांचं संग्रहालय होतं. तिथल्या एकोणीस घड्याळांपैकी तीन चालायची, तीही आपापल्या मर्जीने, पण त्याच्या दाराला दोन पट्ट्या होत्या. मालकांना हे रोज जाता-येता दिसायचं आणि टोचायचं. मंडळाचा परीक्षक साधा पाहुणा बनून यायचा, राहून जायचा, आणि नंतर टपालाने गुणपत्रिका यायची. ते गृहस्थ आले त्याच्या आदल्या वर्षी काकूंच्या घराला आली ती अशी: स्वच्छता उत्तम, न्याहारी उत्तम, बिछाने उत्तम. खाली शेरा होता. मालकीणबाई पाहुण्यांची अनावश्यक चौकशी करतात. पाहुण्यांच्या खासगीपणाचा मान राखावा.

काकूंनी तो कागद तीनदा वाचला. "म्हणजे बावीस वर्षं मी माणसांना छळतेय?" त्यांनी विचारलं.

मालक चष्मा पुसत म्हणाले, "छळ नाही गं. पण थोडं कमी कर."

आता नवऱ्याने असं म्हटल्यावर कुठलीही बाई थोडं कमी करत नाही, पूर्णच बंद करते. काकूंनी फार मनाला लावून घेतलं. त्या हंगामात त्यांनी दोनच प्रश्न शिल्लक ठेवले. चहा किती वाजता, आणि काही हवं का. बाकी तोंडाला कुलूप.

परीक्षक ओळखायचा कसा, याचं सगळ्या रस्त्याचं एक शास्त्र होतं. एकटा येतो. बॅग लहान असते. वही जवळ असते. तक्रार करत नाही, खिडकीशी बसून बघत राहतो. पाहुण्यांच्या वहीत नाव लिहितो ते खोटं, त्यामुळे ते वाचायच्याही भानगडीत पडायचं नाही. जूनमध्ये चार नंबरच्या खोलीत आलेले गृहस्थ या सगळ्यात तंतोतंत बसले. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, लहान बॅग, हातात वही. त्यांनी खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि तळ्याकडे बघत बसले. मालकांनी जिन्याखाली काकूंना गाठून दोन बोटं ओठांवर ठेवली. काकूंनी मान हलवली.

चार दिवस ते घर म्हणजे आदर्श घर होतं. चहा वेळेवर. टॉवेल रोज नवा. त्यांना हाक मारायची तर "साहेब". साहेब रोज नऊच्या सुमाराला जिना उतरायचे, स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहायचे आणि घसा खाकरायचे. काकू वळून विचारायच्या, "काही हवं का साहेब?" ते म्हणायचे, "नाही, काही नाही." आणि तरी मिनिटभर तसेच उभे राहायचे.

तिसऱ्या दिवशी ते आपणहून बोलले. "तुमच्याकडे खूप माणसं येऊन जात असतील."

"हो, येतात."

"सगळी लक्षात राहतात?"

"राहतात की," काकू म्हणाल्या. एरवी एवढ्या धाग्यावरून त्यांनी माणसाचं सगळं आयुष्य उलगडून घेतलं असतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. त्यांनी जीभ चावली, छान हसल्या आणि बशी पुसायला घेतली. साहेब थांबले होते. किटलीतलं पाणी उकळलं, काकूंनी गॅस बंद केला, तेव्हा कुठे ते वर गेले. संध्याकाळी काकूंनी हे मालकांना मोठ्या अभिमानाने सांगितलं. मालक म्हणाले, "शाब्बास."

चौथ्या दिवशी सकाळी साहेबांनी चहा घेतला, खोलीतला टॉवेल घडी करून ठेवला, किल्ली टेबलावर ठेवली आणि तळ्याकडे चालत गेले. दुपारी नाववाला धावत आला. पोलिसांनी बॅग उघडली तेव्हा ती वही सापडली. पहिल्या पानावर एक तारीख होती, त्या घरात ते आले त्या दिवसाची. बाकी वही कोरी.

काकूंनी आठ दिवस अन्न नीट घेतलं नाही. पण हंगाम होता, चार खोल्यांत माणसं होती, चादरी धुवाव्या लागतच होत्या. आणि ऑगस्टमध्ये मंडळाचं पत्र आलं. राहण्याच्या सोयीत पहिला क्रमांक.

समारंभ नगरभवनात झाला. व्यासपीठावर लोकरीचं विणकाम घेऊन बसलेली एक म्हातारी काकूंनी लगेच ओळखली. ती जूनमध्ये तीन नंबरच्या खोलीत होती, साहेबांच्या शेजारच्या. पायमोजे विणायची आणि लवकर झोपायची, तिच्याकडे कुणाचं लक्षही गेलं नव्हतं. परीक्षक ती होती. ध्वनिक्षेपकावरून तिचा अहवाल वाचला गेला. "या घरात पाहुण्याच्या एकांताचा पुरेपूर मान राखला जातो. माझ्या शेजारच्या खोलीत एक गृहस्थ एकटे राहत होते. मी होते तेवढ्या दिवसांत त्यांना कुणी एका शब्दाने त्रास दिला नाही." ते तळ्याकडे गेले त्याच्या आदल्याच दिवशी ती बिचारी निघून गेली होती, पुढचं तिला ठाऊक नव्हतं. टाळ्या पडल्या. काकू उठेनात, तेव्हा मागच्या बाईने प्रेमाने त्यांना पुढे ढकललं. निळी पट्टी हातात आली. मालकांनी ती दुसऱ्या दिवशी दाराशेजारी चार स्क्रू मारून बसवली.

त्याच आठवड्यात ते सुरू झालं.

सकाळी नऊची वेळ. जिन्याची चौथी पायरी वाजली. मग स्वयंपाकघराच्या दाराशी कुणीतरी घसा खाकरला. काकू वळल्या. दारात कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. मालकांना काही ऐकू येत नव्हतं, पण बायकोचा चेहरा दिसत होता. त्यांनी सुतार आणून ती पायरी पक्की करून घेतली. मग पायरीशिवाय नुसता घसा खाकरलेला ऐकू यायला लागला.

काकूंनी चार नंबर बंद केली. नळ गळतो म्हणून सांगायच्या. झाडायला जाताना मात्र दारावर टकटक करायच्या, "येऊ का?" विचारायच्या आणि खरोखरच उत्तराची वाट बघायच्या. खाली न्याहारीला बसलेल्या पाहुण्यांना त्यांचा आवाज यायचा. "बोला ना. कुठून आलात? घरी कोण असतं? जेवलात का?" रिकाम्या दाराला विचारलेले प्रश्न. पाहुणे एकमेकांकडे बघायचे आणि पावाला लोणी लावायचे. घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं, हेच फार भयंकर होतं. तिथे जे कोण येत होतं ते अगदी सभ्य होतं. विचारलं तर बोलायचं, एवढ्याचसाठी थांबलं होतं. आणि आता काकू विचारत होत्या, तर ते बोलत नव्हतं.

असे महिने गेले, आणि तो फोन आला.

"सांग काहीतरी," मालक म्हणाले. "तुमची आठवण काढत होते म्हणावं. तिच्या जिवाला बरं वाटेल. तुझं काय जातंय?"

काकूंना ते पटलं. माणसं कशी बोलतात हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? बुधवार ते शुक्रवार त्यांनी चादरींना इस्त्री करता करता चार दिवसांचं बोलणं रचलं. पहिल्या दिवशी ते लहानपणाविषयी बोलले. दुसऱ्या दिवशी आईविषयी. तिसऱ्या दिवशी बहिणीविषयी, हसून. शुक्रवारपर्यंत ते इतकं गुळगुळीत झालं की काकूंना स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं. त्या दिवशी पहिल्यांदा नऊ वाजता दाराशी आवाज आला नाही.

शनिवारी ती आली. राखाडी कोट, हातात छत्री. तिला बघताच काकू म्हणाल्या, "तुम्ही सात वर्षांपूर्वी इथे राहिला होतात. दोन नंबरला."

"मला वाटलंच होतं, तुम्ही ओळखाल." ती टेबलाशी बसली. "घर सोडून आले होते मी तेव्हा. कुणाशी एक अक्षर बोलत नव्हते. तुम्ही मला जिन्यात अडवून विचारलंत, रडलीस का म्हणून. मला इतका राग आला तुमचा. आणि मग मी त्याच पायऱ्यांवर बसून दोन तास तुमच्याशी बोलले. आठवतं?"

"आठवतं," काकू म्हणाल्या.

"त्यालाही मीच पाठवलं. वहिनी गेल्यापासून त्याचं बोलणंच बंद झालं होतं. म्हटलं, तू आपणहून कुणाला काही सांगणार नाहीस. तिथे जा, त्या काकू विचारतील. त्या विचारल्याशिवाय राहणारच नाहीत." तिने कोटाची बटणं सोडली आणि हात मांडीवर ठेवले. "काय विचारलंत त्याला?"

मालक दारातून मान हलवत होते. सांग, सांग. तीन दिवस घोटलेलं बोलणं काकूंच्या तोंडाशी होतं. पण त्यात साहेब नुसतेच बोलत होते. काकूंनी त्यांना काय विचारलं, हे रचायचं राहूनच गेलं होतं. आणि समोरची बाई नेमकं तेच मागत होती.

"काही नाही विचारलं," काकू म्हणाल्या. "ते रोज माझ्या दाराशी येऊन उभे राहायचे. मला कळत होतं, त्यांना काहीतरी बोलायचंय. पण मला ते परीक्षक वाटले. बक्षिसाचे. गुण जातील म्हणून मी गप्प बसले."

बहिणीने कोटाची बटणं परत लावली. दाराशेजारची निळी पट्टी तिने येताना वाचली असणार, कारण तिने पुन्हा तिकडे बघितलं नाही. मग तिने खोली बघायला मागितली. काकूंनी किल्ली दिली. वर ती दहा मिनिटं होती. खाली आली तेव्हा डोळे कोरडे होते. किल्ली टेबलावर ठेवून, चहा नको म्हणून ती निघाली.

काकू फाटकापर्यंत मागे गेल्या. पाहुण्यांच्या वहीत नाव होतं, ते त्यांनी नंतर हजारदा वाचलं होतं. पण ते कागदावरचं नाव. गेले कित्येक महिने रिकाम्या दाराशी "साहेब, साहेब" करताना त्यांना लाज वाटत होती.

"त्यांना घरी काय म्हणायचे हो?" काकूंनी विचारलं.

बहिणीने फाटकाची कडी काढली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"हे तुम्ही त्याला विचारायचं होतंत," ती म्हणाली, आणि फाटक आवाज न करता ओढून घेऊन रस्ता उतरायला लागली.