काकडीची विहीर

बेसिंगस्टोकच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये संडासात गालिचा होता. संडास-बाथरूम एकच, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत फिकट गुलाबी गालिचा, कमोडच्या बुडाभोवती नीट कापून बसवलेला. आमच्या आधी राहून गेलेल्यांचं काय काय त्यात मुरलं असेल, हा विचार मी दहा महिने झटकत आले होते. स्लिपर घातल्याशिवाय आत पाऊल टाकत नव्हते. आणि फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी सकाळी मी त्याच गालिच्यावर गाल टेकून पडले होते.

मुलगी तेव्हा दोन वर्षांची. प्लेग्रुपमधून आम्ही दोघींनी उलट्या-जुलाब आणले. तिथे एकाच्या तोंडातलं खेळणं दुसऱ्याच्या तोंडात जातं आणि आया बाजूला चहा पीत बसतात. मीही पीत होते, त्यामुळे कुणाला नावं ठेवणार. सोमवारी पहाटे हे चार दिवसांसाठी केंब्रिजला क्लायंटकडे गेले, संध्याकाळी पोरीला सुरू झालं आणि उजाडता उजाडता मला. तिची उलटी फाटलेल्या दुधाची, आंबट. माझी नुसती पिवळी, कडू. नॅपीच्या पिशव्या दाराशी साठत गेल्या, कारण कचऱ्याचे डबे खाली अंगणात, आणि जिना उतरायची माझ्यात ताकद नव्हती. खिडक्या थंडीने बंद. धुतलेली चादर हीटरवर टाकली, तर तो वास पुन्हा नव्याने भाजून निघाला. माझ्या केसांना वास, बोटांना वास. लेकीने गळ्यात हात टाकले की मी श्वास रोखून धरायचे. स्वतःच्या लेकराची किळस येते हे कुठल्या आईने सांगितलं आहे? मला येत होती. तिचीही आणि माझीही.

पण किळस एकीकडे आणि धास्ती एकीकडे. पहाटेपासून ती पाणी घेत नव्हती. चमचा ओठाला लावला की मान फिरवायची आणि म्हणायची, "यकी." 'घाण' म्हणायला प्लेग्रुपमध्ये शिकलेला शब्द. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले, आणि रडताना आवाज यायचा पण पाणी येत नव्हतं.

नऊच्या सुमाराला तिने कमोडशेजारी भडाभडा ओकून ठेवलं, आणि मी जे केलं ते आमच्याकडची कुठलीही बाई करेल. बादली भरली आणि ओतली. एक, मग दुसरी. बार्शीला आमच्या घरी न्हाणीत काहीही सांडलं तरी हाच उपाय. पाणी मारायचं, खराट्याने ढकलायचं, जाळीतून गेलं की झालं. दुसरी बादली रिकामी झाल्यावर मी खराट्यासाठी हात लांब केला. खराटा नव्हता. मग जाळी शोधली. जाळीही नव्हती. दहा महिने त्या घरात राहून, तापात, माझ्या हातांना हे घर ठाऊकच नव्हतं. गालिचा नुसता फुगला. सगळी घाण आता एका कोपऱ्यात न राहता भिंतीपासून भिंतीपर्यंत तरंगत होती.

दहा मिनिटांत दार वाजलं. खालच्या मजल्यावरची बाई. सत्तरीची, एकटी राहणारी, जिन्यात भेटली की हवामानावर दोन शब्द बोलणारी. दार उघडताच तिने कार्डिगनची बाही नाकाला लावली. माझ्या किचनच्या दिव्यातून पाणी गळतंय, म्हणाली, नळ फुटलाय का?

मला इंग्रजी समजायचं, पण बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची. आठवीनंतर माझी शाळा सुटली होती. आईने अंथरूण धरलं आणि घरात करणारं दुसरं कोणी नव्हतं. पुढे आत्याने आपल्या इंजिनिअर मुलासाठी मला मागितलं, तेव्हा अख्खी गल्ली म्हणाली, पोरीने नशीब काढलं. ते खरंच होतं. आत्याच्या त्या उपकारात मी इथवर आले, विमानात बसले, आणि रोज घाबरत होते की कधीतरी कुणीतरी विचारेल, हिला इथे कुणी आणलं? आता ते विचारणारं माणूस दारात उभं आहे असं मला वाटलं. मी "सॉरी, सॉरी" म्हणत राहिले, आणि बोटाने आधी पोरीकडे दाखवलं, मग बाथरूमकडे.

बाई आत आली नाही. उंबऱ्यातूनच तिने पोरीकडे बराच वेळ पाहिलं. दिव्याचा विषय पुन्हा काढला नाही. नर्सच्या फोनलाइनला फोन केलास का, विचारलं. मी नाही अशी मान हलवली. मग तिने माझा फोन मागितला, बाहीने पुसला, नंबर लावला, आणि पलीकडून नर्स बोलू लागल्यावर तो माझ्या हातात दिला. आई तू आहेस, तूच बोल, म्हणाली.

नर्सने विचारलं, शेवटची ओली नॅपी कधी बदलली? मला सांगता येईना. सगळ्याच नॅप्या भरलेल्या, पण त्यात लघवी कुठली आणि जुलाब कुठले? तिने शांतपणे सांगितलं ते मला अजून पाठ आहे. केमिस्टकडची पावडर पाण्यात कालवून घोट घोट द्यायची, पाच-पाच मिनिटांनी. सुस्तावली, उठेना झाली तर लगेच ॲम्ब्युलन्स. आणि चार वाजेपर्यंत लघवीने नॅपी ओली झाली नाही, तर हॉस्पिटलमध्ये घेऊन या, सलाइन लावावं लागेल.

पावडर बाईनेच आणली. अर्ध्या तासाने दाराच्या मुठीला पिशवी अडकवून, एकदा टकटक करून ती जिना उतरून गेली होती. मी खिडकीतून पाहिलं, ती अंगणातल्या नळावर कोपरापर्यंत हात धूत होती. मला राग आला नाही. मी तिच्या जागी असते तर घरात जाऊन आंघोळच केली असती.

पावडर जांभळी, काळ्या मनुकांच्या वासाची, वर खारट. मी चाखून पाहिली आणि सिंककडे पळाले. पोरीने तर वासानेच तोंड मिटलं. चमच्याने नको, बाटलीने नको, माझ्या कपाने नको. नाक दाबून पाजलं तर तेवढंच माझ्या मांडीवर परत आलं. केंब्रिजहून यांचा फोन आला. निघतो, म्हणाले, पण पोचायला संध्याकाळ होईल. "अगं, काहीतरी खेळवून पाज ना तिला."

मला संताप आला. अंगात उभं राहायचं त्राण नाही, दोघी मळात लडबडलेल्या, आणि म्हणे खेळवून. फोन ठेवला आणि फ्रिज उघडला, तो फक्त थंड हवेवर तोंड धरायला. आत वरण होतं, त्याच्याकडे पाहवेना. दही पाहवेना. फ्रिजमधल्या सगळ्यात एकच गोष्ट अशी होती की जिची मला शिसारी आली नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली लांबलचक इंग्लिश काकडी. ती काढून मी कपाळावर धरली आणि किचनच्या फरशीवर बसले.

माझ्या हातात एकच कला होती, रुखवताची. शाळा सुटल्यावर गल्लीतल्या प्रत्येक लग्नात नवरीबरोबर पाठवायच्या शोभेच्या वस्तू माझ्याकडून करून घेत. साबणाचे हंस, खोबऱ्याच्या कोरीव वाट्या, गाजराचे गुलाब. वरपक्षाच्या बायका टेबलाभोवती फिरून "हे कुणी केलं?" विचारायच्या, तेव्हा मी मागे भांडी घासत असायचे आणि ऐकायचे. इथे आल्यावर मराठी मंडळातल्या बायका मला विचारायच्या, "तू काय केलंस?" म्हणजे शिक्षण. रुखवत केलं असं कसं सांगणार.

हात गरम पाण्याने आणि साबणाने दोनदा धुतले, सुरी धुतली, आणि काकडीचा चार बोटांचा तुकडा कापला. आतला गर चमच्याने उकरला, बूड ठेवलं. बाहेरून सालीवर सुरीच्या टोकाने दगडांच्या ओळी काढल्या, एक आड एक, चिरेबंदी. मधेच थांबून ओकून आले, पुन्हा हात धुतले, पुन्हा बसले. तरी ओळी वाकड्या गेल्या नाहीत. त्या दिवसातली एवढीच पाच-सात मिनिटं अशी की मला वास आला नाही. काठावर दोन काडेपेटीच्या काड्या, गुल काढून टाकून, समोरासमोर खोचल्या. त्यांच्यावर तिसरी आडवी बांधली. तिला दोरा, आणि दोऱ्याला पोरीच्या खोकल्याच्या औषधाचं धुवून घेतलेलं इवलं टोपण, बादली म्हणून. विहिरीत ते जांभळं पाणी ओतलं. हिरव्या विहिरीत जांभळं पाणी. असलं घाणेरडं रुखवत माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

पोरगी मघापासून फरशीवर कूस घेऊन पडली होती. ती उठली नाही, पण डोळे दोऱ्याबरोबर वर-खाली होऊ लागले. मी बादली सोडली, ओढली, विहिरीतच रिकामी केली. पी म्हटलं नाही. तिसऱ्या खेपेला तिचा हात आला.

"मी."

तिने दोरा ओढला. बादली कलंडली, अर्धं पाणी सांडलं. उरलेलं तिने तोंडात ओतलं आणि चेहरा वाकडा केला. मला वाटलं आता बाहेर येणार. तिने बादली पुन्हा विहिरीत सोडली.

"अजून."

एक टोपण, मग घड्याळाकडे बघून पाच मिनिटं गप्पा, मग एक टोपण. मधे दोनदा उलटलं, पण थोडंच. दुपारभर आम्ही त्या फरशीवर पाणी शेंदत बसलो. काठ मऊ पडून एक काडी निसटली, तेव्हा मी दुसरा तुकडा कोरला, पहिल्यापेक्षा बरा. तिने तिच्या बाहुल्यालाही पाजलं आणि त्याच्या वतीने "यकी" म्हणाली.

साडेतीनला मी नॅपी उघडली. वरून काही दिसेना. हाताला लागलं तेही कळेना, कारण माझे हात दिवसभर ओलेच होते. मग दिवसभर जे टाळत होते तेच केलं. नॅपी नाकाशी धरली आणि खोल वास घेतला. लघवीचा होता. गरम, उग्र, शंभर टक्के लघवीचा. मला जोराची उबळ आली आणि त्यातच हसूही फुटलं. पोरगी घाबरून माझ्याकडे बघत राहिली.

मी नर्सच्या फोनलाइनला स्वतः नंबर लावला. या खेपेला दुसरीच नर्स होती. तिने नाव विचारलं, वय विचारलं, काय त्रास आहे विचारलं. मी सगळ्याच्या आधी एवढंच सांगितलं की नॅपी ओली आहे.