सोमवारच्या फुल्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मित्रांना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच.

माझ्या बायकोला, सुरेखाला, अर्धशिशीचा त्रास. दुखायला लागलं की उजेड नको, भांड्यांचा आवाज नको. डोक्याला फडकं आवळून आतल्या खोलीत पडून राहायची. आणि दुसऱ्या दिवशी ठणठणीत! हसत डोळखांबच्या बाजाराला निघालेली. मला ते खटकायचं. खरं दुखणं असं एका दिवसात पळतं का?

शहापूरचे डॉक्टर म्हणाले, हे मायग्रेन. कुणाचं उपाशी राहून उठतं, कुणाचं जागरणाने, कुणाचं उन्हाने. तुमचं कशाने ते शोधू. दुखेल त्या दिवशी कॅलेंडरवर पेन्सिलीने फुली मारा आणि तीन महिन्यांनी दाखवायला आणा.

फुल्या पडू लागल्या. मी रोज बघायचो — हो, पाळतच ठेवली म्हणा. बहुतेक फुल्या सोमवारी, नाहीतर संकष्टीला. म्हणजे आईबरोबर तिचा उपवास असायचा नेमक्या त्याच दिवशी! डॉक्टरांच्या तोंडून 'उपाशी' ऐकलं आणि बाईसाहेबांनी उपवास टाळायची युक्ती काढली — मला वाटलं कसलं, मी खात्रीच धरली.

मग मी काय केलं? मुलीच्या दप्तरातलं खोडरबर घेतलं आणि त्या फुल्या खोडल्या. इकडच्या तिकडच्या चार-दोन ठेवल्या.

एकदा कॅलेंडरपुढे उभी राहून तिने विचारलं, "अवो, सोमवारी मी फुली मारलेली ना?"

"नाय गो," मी म्हणालो.

डॉक्टरांना उपवासाचा काही संबंध दिसेना. ती उपवास करत राहिली. वर्षभर असंच चाललं.

एका सोमवारी मुरबाडच्या कंपनीतून मी भरदुपारी घरी आलो. घरात दुसरं कुणी नव्हतं. ती परसात, भिंतीला कपाळ टेकून उलट्या करत होती. मला तिने पाहिलं नाही. बघायला कुणी नसताना कोण नाटक करतं? मला स्वतःची किळस आली — पण तोंड उघडलं नाही. खोडणं तेवढं बंद केलं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी फुल्या पाहिल्या आणि उपवास लगेच सोडायला सांगितले. मग जरा रागावलेच — आधी नीट का नाही लिहिलंत? वर्ष फुकट गेलं.

सुरेखाने मान खाली घातली. "माझंच चुकलं. इसरत आसंन मी."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "हो. इसरते ती."