बापूचे काटे

डोंगर चढणाऱ्या माणसांच्या घरात दोन गोष्टी साठत जातात. एक तळ निघालेले बूट आणि दुसरे किस्से. बूट कधीतरी भंगारात जातात, पण किस्से कुणी उचलून नेत नाही! आमच्याकडचे निम्मे किस्से तर एकाच खुळातून जमलेत. नव्वदच्या दशकात सांगली-साताऱ्याच्या आम्ही तिघांनी बर्फाचा डोंगर चढायचं ठरवलं. आणि तिघांपैकी कुणीही फ्रीजबाहेरचा बर्फ पाहिलेला नव्हता.

मी विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत होते. जोशी सर साताऱ्याच्या शाळेत भूगोल शिकवायचे. हिमनदीचा धडा ते इतका रंगवून शिकवत, की पोरं वर्गात स्वेटर घालून बसायची म्हणे. हे अर्थात सरच सांगायचे!

आणि बापू. मूळचा पाटणकडचा, कुपवाडला छोटं वर्कशॉप आणि त्याच्या मागेच घर. सरांना आणि मला शिखर हवं होतं. बापूला शिखराचं काही पडलेलं नव्हतं.

"एकदाच पाय ठेवायचाय ताई बर्फावर," तो म्हणायचा. "पायाखाली कुरकुर वाजतो म्हणत्यात. तेवढं ऐकायचंय."

*

बर्फावर चढायचं तर बुटाखाली लोखंडी काटे बांधावे लागतात. क्रॅम्पॉन म्हणतात त्यांना. सांगलीच्या बाजारात मी हा शब्द घेऊन हिंडले. एका हार्डवेअरवाल्याने चष्मा वर करून विचारलं, "कुठल्या पंपाला बसतं हे?"

बापूला हे सांगितलं तर तो एवढा हसला की हातातला पाना खाली पडला. "काटंच पायजेत न्हवं? मी करतो की!"

ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांचं पोलाद, सरांनी आणलेलं एक चित्र आणि बापूचे दोन महिन्यांचे रविवार. काटे झाले. खाली दहा आणि पुढे बोटांच्या बाजूला दोन. मधे बिजागरी, कारण आमचे बूट मऊ होते आणि चालताना वाकायचे. वर कातडी पट्टे. झकास दिसत होते!

कॉलेजच्या मैदानावर बांधून चालायला लागलो आणि तिघंही धडाधड पडलो. बापूच्या वर्कशॉपात एकदा साचा केला की त्यातून शेकड्याने माल निघायचा. त्याच सवयीने त्याने सगळे काटे एकाच साच्यातून काढले होते. म्हणजे प्रत्येकाला दोन्ही उजवेच! डाव्या पायाची बक्कल आतल्या बाजूला यायची आणि उजव्या पायाच्या पँटीत अडकायची.

सरांच्या घरी पुढचे काही दिवस सगळ्या पँटी घोट्यापाशी फाटलेल्या. शेवटी वहिनींनी विचारलं, "तुमचे दोन पाय आपसात भांडतात का हो?"

बापूने डावा साचा वेगळा केला. आणि त्या दिवसापासून कुणी पाहुणा वर्कशॉपात आला की आम्ही त्याची ओळख करून द्यायचो, "हे बापू. यांना दोन उजवे पाय आहेत!"

*

बापूच्या घरातली एक रीत होती. दर पिढीत एक भाऊ फौजेत, एक घरी. आजोबांच्या वेळी तेच, अण्णांच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या वेळी तेच. थोरला हणमंत फौजेत गेला, म्हणून बापू राहिला. आणि हणमंतची ड्यूटी कुठे, तर बर्फात!

हणमंत सुट्टीवर आला की बापू त्याच्यामागे हात धुऊन लागायचा. हणमंतला बर्फाचं नाव नको असायचं. तो अंगणात भर उन्हात खाट टाकून पालथा पडायचा.

"दादा, बर्फाला वास कसला असतो रं?"

"वास नसतो गड्या. कशालाच नसतो तिथं." हणमंत कुशीवर वळला. मग म्हणाला, "म्हणून तर आल्या आल्या गोठ्यात जाऊन हुबा ऱ्हातो मी."

मला वाटलं, आता बापू विचारायचा थांबेल. बापू म्हणाला, "आन् रंग?"

हणमंतने काटे मात्र नीट हातात घेऊन पाहिले. "दुपारी बर्फ वला झाला की खाली चिकटतो. गोळा बसतो. मग काटं असून नसल्यागत. सटाककन घसरतंय." बापूला पटेना, तेव्हा तो आम्हाला नुकतं पाणी पाजलेल्या उसाच्या रानात घेऊन गेला. "चाला."

दहा पावलांत आमच्या पायाखाली काळ्या मातीची एवढाली ढेकळं! सर वीतभर उंच झाले आणि त्याच उंचीवरून सरीत पडले. हणमंत पोट धरून हसला. बर्फाच्या गोष्टीवर त्याला हसताना आम्ही तेवढं एकदाच पाहिलं.

संध्याकाळपर्यंत बापूने शेंगतेलाचे जाड प्लॅस्टिकचे डबे कापून काट्यांच्या मधे पत्रे बसवले. पुन्हा रानात गेलो, तर माती चिकटली की सुटून पडायची. माझ्या डाव्या तळव्यावर अर्धं शेंगदाण्याचं चित्र आलं होतं.

*

तेवढ्यात सरांनी पुण्याहून कुणा ओळखीच्याचे परदेशी काटे आणले. पट्टे नाहीत, बिजागरी नाही, नुसती खिट्टी. खट्‌ केलं की बसलं! सर दिवसभर खट्‌खट्‌ करत होते.

"आवं सर, ह्याला कडक बूट लागतो, टाचंला खाच असलेला," बापू म्हणाला. सर म्हणाले, "बघूच."

बघायला आम्ही बर्फाच्या कारखान्यात गेलो. मालक ओळखीचे. त्यांनी काही लाद्या उतरत्या मांडून दिल्या. सर ऐटीत चार पावलं चढले. पाचव्या पावलाला सर वर आणि काटे खाली!

"हा कारखान्याचा बर्फ आहे," सर उठत म्हणाले. "निसर्गाचा वेगळा असतो."

बापूचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. तो एका लादीवर उभा राहून पाय हळूच दाबत होता. मग खाली उतरला आणि म्हणाला, "ह्यो न्हाई वाजत."

*

दर सरावानंतर काटे दगडांवर बोथट व्हायचे. सोमवारी बापू कानस घेऊन बसायचा आणि तिघांच्या काट्यांना धार लावून ठेवायचा. कानशीचा तो खरखर आवाज आणि बापूच्या गप्पा. आज त्या सोमवारांची इतकी आठवण येते की वाटतं, डोंगर नसता झाला तरी चाललं असतं.

जायच्या आधी पंधरवडाभर अण्णांना अर्धांगाचा झटका आला. त्यांना उठवायचं, बसवायचं, अंघोळ घालायची, सगळं बापूच्या हातचं. दुसऱ्या कुणी हात लावला की अण्णा लहान मुलासारखे रडायचे. हणमंतला सुट्टी मिळाली नाही.

आम्ही म्हटलं, पुढच्या वर्षी जाऊ. बापू भडकला. "माझ्यापायी ऱ्हायलासा तर बोलणार न्हाई!"

मिरज स्टेशनवर तो आला. गाडी हलायला लागल्यावर खिडकीतून एक पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. आत त्याचे काटे होते, नवी धार लावलेले.

"हे कशाला?"

"असू द्या ताई. आलं तर आलं." आणि तो वळून भराभर चालायला लागला. मला रडू आवरलं नाही. सर खिडकीबाहेर पाहत बसले.

*

सरांनी बापूने केलेली आपली जोडी घरी ठेवून बॅगेच्या तळाशी परदेशी काटे लपवून आणले होते, हे वर कॅम्पवर कळलं! शिखराच्या दिवशी पहिल्याच उतारावर खट्‌ झालं आणि सरांचा एक काटा घरंगळत खाली दरीत गेला. आमचा गाईड कपाळाला हात लावून बसला. मी पिशवी पुढे केली. सरांनी बापूचे काटे बांधले, पट्टे आवळले, बक्कल बाहेरच्या बाजूला.

थोडं वर गेल्यावर सर मधेच थांबले. मला वाटलं, दम लागला.

"काय झालं सर?"

"गप," सर म्हणाले. "ऐकू दे."

*

परत आल्यावर कुपवाडला गेलो. बापूने अण्णांना अंगणात खुर्चीत बसवलं होतं. शिखराचं त्याने काही विचारलं नाही. सरांनी मात्र सगळं सांगितलं. सकाळी कसा वाजतो, उन्हं चढल्यावर कसा वाजतो. शेवटी तोंडाने वाजवूनही दाखवलं! अण्णासुद्धा हसले.

मग बापूने कानस काढली. माझे काटे घेतले, घासले, धार लावली. हणमंतसाठी एक जोडी केली होती, तीही घासली. तिसरी जोडी, त्याची स्वतःची, खिळ्याला तशीच लटकत होती. सगळी टोकं बोथट, दगडाचे चरे पडलेले.

सर उठले. "दे, तुझ्यांना मी लावतो धार. माझ्या पायांनी खराब झालेत."

बापूने सरांचा हात धरला.

"त्यास्नी नगो," तो म्हणाला. "त्ये जाऊन आल्यात."