आईचा पाटा आणि माझं टेस्टोस्टेरॉन

शब्दन्‌शब्द खरं सांगतोय, कुलदेवाची शपथ. म्हणजे दोन-चार शब्द इकडचे तिकडे होतील. बरं, एक वाक्य साफ खोटं आहे, ते कुठलं ते शेवटी. आधी माझा संताप ऐका, कारण या गोष्टीला सहा महिने झाले तरी तो उतरलेला नाही.

आमची कोपरीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. तिसरा मजला, लिफ्ट नाही. पंधरा दिवसांत सगळं सामान डोंबिवलीच्या भाड्याच्या घरात न्यायचं. त्यात आईचा दगडी पाटा. पॅकर्सवाल्याने त्याला हात लावला तर मी असा खेकसलो की तो दोन पायऱ्या खाली गेला. कारण हा पाटा माझ्या बाबांनी एकट्याने, एका खांद्यावरून वर आणलेला. शेजारचे मोरेकाका साक्षीदार. चाळीस वर्षं तीच गोष्ट सांगतायत, आणि दर वर्षी पाटा दोन किलोने वाढतो. तेव्हा मी जाहीर केलं, बाबांनी वर आणला, खाली मीच नेणार.

वाकलो. पकडला. जोर लावला. पाटा जागचा हलला नाही. कंबर मात्र हलली.

मोरेकाका दारातच उभे. "राहू दे रे बाळ्या," म्हणाले. "तुझे बाबा ते बाबा होते."

पन्नाशीच्या माणसाला असं बोलतात? डोकं सटकलं. माणसाची ताकद जाते कुठे, दोन दिवस मोबाइलवर तेवढंच वाचत बसलो, आणि गुन्हेगार सापडला. टेस्टोस्टेरॉन! पुरुषाचे स्नायू हे हॉर्मोन वाढवतं, टिकवतं, आणि चाळिशीनंतर हळूच काढता पाय घेतं. म्हणजे माझा दोष शून्य.

तपासणी ठरवली. नवऱ्याच्या टेस्टवर बायकोची फुकट, म्हणून वनिताचंही नाव टाकलं. रक्त घ्यायला माणूस घरी आला. नळ्यांवर नावं नाहीत, फॉर्मच्या क्रमाने नुसते एक आणि दोन आकडे. मी आपला सभ्यपणे म्हणालो, "लेडीज फर्स्ट."

रिपोर्ट आले. माझं टेस्टोस्टेरॉन जवळजवळ नाहीच. आणि वनिताचं? भरगच्च! एखाद्या पैलवानाला शोभेल एवढं.

घाम फुटला हो. तिचा रिपोर्ट मी गादीखाली लपवला. रोज सकाळी चहा पिताना तिच्या ओठावर मिशी फुटतेय का बघायचो. "काय बघताय?" तिने एकदा विचारलं. मी म्हटलं, "काही नाही, छान दिसतेस." तिला जास्तच संशय आला.

पण रागाला आता आधार मिळालेला. मी काही म्हणजे काही उचलेना. भाजीची पिशवीसुद्धा नाही. आजार आहे, कागदावर आहे! मोरेकाकांना दारात गाठून मोठ्याने सुनावलं. वनिता भांड्यांची खोकी, शिलाई मशीन, सिलेंडर, एकेक करून खाली नेत होती. मला मनातून वाटायचं, नेणारच, हिच्याकडे माल आहे.

शेवटी गादी बांधताना वनिताला तिचा रिपोर्ट सापडला, आणि दोन्ही रिपोर्ट घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझ्या नावाचा कागद बघितला, मग माझ्याकडे. "दाढी किती दिवसांनी करता?"

"रोज. का?"

"हा रिपोर्ट तुमचा नाही."

मग काय! लॅबवाल्यांचा उद्धार सुरू केला. दहा मिनिटं. कंपाउंडर दारातून डोकावून गेला. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा वनिता हळूच म्हणाली, "अहो, फॉर्मवर पहिलं नाव कोणाचं होतं?"

"माझं."

"आणि पहिलं रक्त कोणी दिलं?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पैलवानाचं ते टेस्टोस्टेरॉन माझं होतं. "हॉर्मोन उत्तम आहे," ते म्हणाले. "पण ते स्नायूंना नुसता हुकूम सोडतं. काम तुम्ही करायचं असतं."

घर रिकामं करायचा शेवटचा दिवस. पाटा तिथेच. वनिताने जुन्या ओढणीची चुंबळ केली, पाटा डोक्यावर चढवायला ऐंशीच्या मोरेकाकांनी हात लावला, आणि ती निघाली. मागे मी, हातात वरवंटा.

ती मोहने गावची. तिच्या वडिलांकडे शेती होती, बैल होते. दुसऱ्या मजल्यावर ती मान न वळवता म्हणाली, "आमच्याकडे नांगर खच्ची केलेला बैलच ओढायचा. सांड होता एक. त्याच्यात सगळं भरपूर होतं. दिवसभर उभा राहून खायचा."

मोरेकाका वरून कठड्यावर वाकून ऐकत होते. आता चाळीस वर्षं ते ही गोष्ट सांगणार.

राहिली कबुली. 'लेडीज फर्स्ट' मी म्हणालोच नव्हतो. सुई दिसताच मी बाथरूममध्ये जाऊन कडी लावलेली. वनिताने आपलं रक्त देऊन झाल्यावर दार वाजवलं, मी फटीतून बघितलं, तर तिने मनगट धरून मला बाहेर ओढलं. सुटता सुटेना.

तेव्हाच कळायला हवं होतं.