कुंताबाईचे काळे पाय

गोंदियाजवळच्या मुर्रीच्या कुंताबाईला हार म्हणजे काय ते माहीत नाही, असं तिच्याच तोंडून ऐकावं. गल्लीत विचाराल तर गल्ली तोंडाला पदर लावून हसेल. कारण एका बाबतीत ती वर्षानुवर्षं हरत आली होती आणि तिला हरवणारी बाई तिच्याच भिंतीला भिंत लावून राहत होती.

तशी ती कुणाला बधणारी बाई नव्हे. गोंदियाच्या बाजारात भाजीवाल्याशी ती हिंदीतून भांडते, घरी नवऱ्याशी पोवारी बोलीतून आणि देवाशी मराठीतून. तिन्ही ठिकाणी शेवटचा शब्द तिचाच. नवरा नत्थूलाल बोलणं कमी करत करत आता नुसत्या मान हलवण्यावर आला आहे. साठी उलटली तरी भाताच्या रोवणीच्या दिवसांत ती स्वतः बांधीच्या चिखलात उतरते आणि तरण्या बायांना मागे टाकते. मागे टाकून गप्प बसली असती तर ती कुंताबाई कसली! संध्याकाळपर्यंत त्या बायांना ऐकवत राहते.

अशा बाईला शेजारच्या सुशिलाबाईने हरवलं ते जगन्नाथपुरीहून आल्यावर. तीर्थ करून आलेल्या माणसाला उंबऱ्याबाहेर उभं करायचं, शेजारणीने त्याचे पाय धुवायचे आणि ते पाणी डोळ्यांना लावायचं, ही इकडची रीत. रीतच ती, कुंताबाई काय करणार? परात आणली, गडव्याने पाणी घातलं, वाकली. तेवढ्यावर भागलं असतं. पण सुशिलाबाई सगळ्या गल्लीसमोर म्हणाली, "टाचेकडं बी घे जरा, कुंता. समुद्राची रेती अडकली हाय."

हे वाक्य कुंताबाईला असं झोंबलं की त्या दिवसापासून तिने मनाशी एकच धरलं: आपण समुद्राला जायचं आणि परत येऊन या सुशिलेला आपल्या पायांशी बसवायचं. बाकी मोक्षबिक्ष देवाने आपल्याकडे ठेवून घ्यावा.

योग आला तो सुनेमुळे. सोनिकाला कोकण पाहायचं होतं. मुलाने, लोकेंद्रने, राइस मिलमधून सुट्टी काढली आणि तिघांची तिकिटं काढली. नत्थूलालने यायचं का, यावर मान आडवी हलवली. कुंताबाईने बातमी भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितली. सुशिलाबाई तांदूळ पाखडतच बाहेर आली.

"कोकनात? तो आपला समुद्रच नोहे," ती म्हणाली. "आपली वैनगंगा तिकडं पुरीच्या अंगाले जाते. तुह्या समुद्रात आपल्या गावचा एक थेंब नाही. ते फिरनं झालं, तीर्थ नोहे."

"समुद्र का तुह्या बापानं खोदला?"

"मंग जा ना, कोन धरून राहिलं! पन नुसती जाऊन आली म्हनून पाय नाही धुवाची मी. समुद्र लागलेले पाय आन. लागलेले दिसले पाहिजेत. मंग धुईन."

गल्लीने हे ऐकलं. म्हणजे आता करार झाला.

आणि निघायला थोडे दिवस असताना लोकेंद्र पडलेल्या चेहऱ्याने घरी आला. समुद्रात एक जहाज फुटलं होतं. त्यातलं तेल लाटांबरोबर किनाऱ्याला लागलं होतं, नेमकं त्यांनी खोली घेतलेल्या गावाच्याच किनाऱ्याला. त्याने फोनवर फोटो दाखवले. काळी वाळू, काळे दगड, काळं झालेलं एक पाखरू. सगळे लोक बुकिंग रद्द करत होते. आपणही करू, नागझिऱ्याला जाऊ, वाघ पाहू, असं तो म्हणाला.

"वाघ मले पाहून बसला," कुंताबाई म्हणाली. "समुद्र का पळून गेला? तेलच सांडलं ना? घरात घासलेट सांडलं तं का कोनी गाव सोडते?"

तेव्हा मंडळी गेली. कोकणात उतरल्यावर तिघांनाही कळलं की एवढ्या मोठ्या गावात पाहुणे असे आपण तिघंच आहोत. किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओळीने घरगुती खानावळी, शहाळ्यांच्या गाड्या, भेळेची दुकानं, सगळ्यांवर ताडपत्र्या. घोडागाडीवाला घोडा सोडून झाडाखाली पत्ते खेळत होता. एक उंट होता. पोरांना पाठीवर बसवून फिरवायचा तो उंट, पण पोरंच नव्हती. तो लोकेंद्रकडे अशा आशेने पाहू लागला की बिचाऱ्याने नजर चुकवली.

घरमालकीण मयेकरवैनी दारातच उभी होती. तिने हंगामासाठी खोल्यांना नवा रंग दिला होता, पलंग नवे घेतले होते. सगळ्यांनी फोन करून नाही म्हणून सांगितलं होतं. हे तिघं खरोखर आलेले पाहून तिला काय करू आणि काय नको असं झालं. ताटात इतकं वाढलं की सोनिकाने हात जोडले. भात तेवढा लालसर, जाडा, उकड्या तांदळाचा निघाला. कुंताबाईने एक घास घेतला, शांतपणे उठली, पिशवीतून आपला घरचा चिन्नोर काढला आणि वैनीच्या स्वयंपाकघरात जाऊन चुलीवर चढवला. परक्या घरात असं कुणी करत नाही. पण तो बारीक तांदूळ शिजताना घरभर वास सुटला तशी वैनी ताट घेऊन तिच्या शेजारीच जमिनीवर बसली आणि दोघी पार आवरेपर्यंत बोलत राहिल्या.

"तेल काय, महिन्या-दोन महिन्यांनी निघेल हो," वैनी म्हणाली. "पण यंदा इकडे येणारे लोक दुसऱ्या किनाऱ्याला गेलेत. तिथे त्यांना आवडलं, तर पुढच्या वर्षी आमची आठवण कुणाला? मासेसुद्धा घेत नाही कोणी. आमचे मासे दूर खोल पाण्यातले, तरी म्हणतात, तेलाचा वास येतो."

कुंताबाईने वैनीच्या ताटात आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलासुनेला घेऊन किनाऱ्यावर गेली. दोरी बांधलेली. पांढरे झगे आणि बूट घातलेली माणसं फावड्यांनी वाळू पोत्यांत भरत होती. एक पोरगा शिपाई शिट्टी वाजवत धावला, "आजी, मागे! पाण्यात जायचं नाही!"

"जातच नाही," कुंताबाई म्हणाली आणि दोरीखालून वाकून गेली. रोवणी करणाऱ्या बाईला वाकायला काय लागतं?

लाट आली. समुद्र पहिल्यांदाच पाहत होती ती. वाटलं, एवढं पाणी, आणि याला बांध म्हणून कुठे नाही! पुढच्याच क्षणी पायांवर काहीतरी जड, गुळगुळीत चढलं आणि लाट परत गेली तेव्हा दोन्ही पाय घोट्यापर्यंत डांबरासारखे काळे कुळकुळीत झाले होते. सोनिका किंचाळली. शिपायाने कपाळाला हात लावला. कुंताबाईने मात्र आधी उजवा पाय पाहिला, मग डावा, आणि तिच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की लोकेंद्रला आईच्या डोक्यावर परिणाम झाला की काय अशी शंका आली. समुद्र लागलेला दिसला पाहिजे, असं म्हणाली होती ना सुशिला?

घरी परतल्यावर दारातच वैनी खोबरेल तेल घेऊन धावली. "साबण नको लावू, ताई. तेलाचा डाग तेलानेच निघतो. चोळलं की लगेच जाईल."

"नोको! राहू द्या," कुंताबाईने पाय मागे घेतले.

"अगं, खाज सुटेल!"

"सुटू द्या."

येताना वाळूतला एक काळा मऊ गोळाही तिने उचलला होता. तो तिने रिकाम्या डबीत घट्ट बंद केला. कशासाठी, ते तिला तरी तेव्हा कुठे ठाऊक होतं? फुकटची वस्तू सोडायची नाही, एवढंच. निघताना उरलेला चिन्नोर वैनीला दिला आणि परतीच्या गाडीत बर्थ खराब होऊ नये म्हणून सुनेने सासूच्या पायांना पॉलिथिनच्या पिशव्या बांधल्या. गोंदिया येईपर्यंत सगळा डबा त्या पिशव्यांकडे पाहत होता आणि सोनिका खिडकीकडे.

मुर्रीत ऑटो थांबला. कुंताबाईने उंबऱ्याबाहेर उभं राहून पिशव्या सोडल्या. गल्ली गोळा झालीच होती.

"सुशिला वो! परात आन."

सुशिलाबाईने ते पाय पाहिले. पाहतच राहिली. मग शब्दाला जागून खाली बसली. पाणी घातलं, साबण लावला, चुलीतली राख लावली, दोडक्याच्या वाळल्या शिरीने घासलं. काळं हलेना. कुंताबाई वरून म्हणाली, "टाचेकडं बी घे जरा." गल्ली खिदळली. किती वर्षांचं उट्टं निघालं! अर्ध्याअधिक काळ्याने दाद दिली नाही तेव्हा सुशिलाबाई परात उचलून म्हणाली, "अर्धं काम सोडाची सवय नाही मले. उद्या येईन."

दुसऱ्या दिवशी आली. घासलं. त्याच्या पुढच्या दिवशीही आली आणि पाय लख्ख झाले. "झालं," म्हणून ती घरी गेली. कुंताबाई ओट्यावर एकटीच बसून स्वच्छ पाय पाहत राहिली. जिंकून झालं होतं. मग एवढं ओकंबोकं काऊन वाटून राहिलं? लोकेंद्र मिलमध्ये, सोनिका फोनमध्ये, नत्थूलालची मान जागेवर. ती उठली, गोठ्यामागे गेली आणि डबी उघडली.

सकाळी पाय पुन्हा काळे.

"अवो बाप्पा," सुशिलाबाई म्हणाली.

"समुद्र आंगात मुरला हाय माह्या," कुंताबाईने चेहरा जराही न हलवता सांगितलं. "आतून बाहेर येऊन राहिला."

"असन," सुशिलाबाई म्हणाली आणि राख घ्यायला गेली.

हे रोजचं झालं. गल्लीला आधी नवल वाटलं, मग सवय झाली. पायांना खाज तर अशी सुटायची की कुंताबाई एकीकडे गप्पा मारी आणि दुसरीकडे दातओठ खाई. पण गप्पा सोडत नव्हती. तिने उंटाचं सांगितलं, वैनीचं सांगितलं. सुशिलाबाईने उदारामचं सांगितलं. नवरा रेल्वेत गँगमन होता तिचा, दोन पावसाळ्यांमागे गेला. "साऱ्या नोकरीत त्याचे हात काळेच. स्लिपराचं डांबर, वंगन. रोज संध्याकाळी त्याचे हात चोळता चोळता दिवसभराचं बोलनं व्हाचं." एवढं बोलून ती थांबली आणि शिरी जरा जोरात फिरवली. कुंताबाई खाजेच्या पायी इतकी बेजार, की ती बाई काय बोलून गेली, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

मधूनच कुंताबाई वैनीला फोन लावी. किनारा धुवून पुसून साफ झाला, पांढरे झगेवाले गेले, दोरी निघाली. पण पाहुणे फोन करतात, "तेल गेलं का?" विचारतात, "गेलं" म्हटलं की "बघतो" म्हणून ठेवून देतात. उंटवाला उंट घेऊन दुसऱ्या किनाऱ्याला गेला. कुंताबाई हे सुशिलाबाईला सांगे.

आणि एका दुपारी डबीचा तळ लागला. बोटाने खरवडून पाहिलं, बोटसुद्धा काळं होईना. कुंताबाईला त्या रात्री जेवण गेलं नाही. उद्या ती येणार, स्वच्छ पाय पाहणार, झालं म्हणणार आणि जाणार. मग भिंत आहेच मध्ये. ऐंशीच्या घरात पोचेपर्यंत भिंतीशीच बोलायचं.

सकाळी सुशिलाबाई परात घेऊन आली. कुंताबाईने पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"पाय काढ."

"आज राहू दे."

"काढ म्हनलं ना."

काढले. गोरे, खरडलेले, धुतलेले दोन पाय. सुशिलाबाईने ते नीट पाहिले, वर पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "संपला का गोळा?"

कुंताबाईची नजर आपोआप गोठ्याकडे गेली.

"डांबराचे हात धुन्यात जलम गेला माहा," सुशिलाबाई म्हणाली. "तेल लावलं का एका घडीत निघते. मले का मालूम नाही?"

"मंग राखेनं काऊन घासून राहिली होती एवढे दिवस?"

"तेलानं लवकर झालं असतं."

सुशिलाबाईने पदराने डोळे पुसले, खाली बसली आणि त्या स्वच्छ पायांवर गडव्याने पाणी घातलं. टाचेकडंही घेतलं.

"त्या तुह्या वैनीच्या खोल्या रिकाम्याच हायत ना अजून?" तिने मान वर न करता विचारलं.

"हायत."

"मंग लोकेंद्राले तिकिटं काढाले सांग. दोघींची."